भाऊची डावी बाजू

माणसाच्या कातडीत हिरवा रंग असतो हे मला कळलं, त्या दिवशी मी दिसेल त्याचा हात धरून पाहत सुटले होते. दूधवाल्याचा, वहिनीचा, शाळेतल्या शिपाईमामांचा. मनगटाच्या आतल्या बाजूला, शिरेच्या कडेने, तुम्हीही बघा. हिरवा आहे! गालाच्या हाडाखाली जांभळा आहे. आणि मागून ऊन आलं की कानाची पाळी अशी लाल पेटते की बघत राहावं. लहानपणी रंगपेटीतली एक फिकट गुलाबी कांडी 'अंगाचा रंग' म्हणून आपल्या हातात दिली गेली होती. नागपुरात त्या रंगाचा एक माणूस मला आणून दाखवा. शुद्ध फसवणूक होती ती.

मी गणिताची शिक्षिका. शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी बाराला घरी. रंगीत पेन्सिली हातात आल्या त्या चाळिशी उलटल्यावर, मोबाइलवरचे व्हिडिओ बघून, आणि आल्या त्या अशा की गॅसवरची भाजी करपायला लागली. माझा स्वभाव उतावळा. एखादी गोष्ट आवडली की ती मला त्याच दिवशी पूर्ण झालेली पाहिजे. आणि रंगीत पेन्सिल म्हणजे जगातली सगळ्यात सावकाश वस्तू. दाबायचं नाही, घासायचं नाही. टोक सुईसारखं ठेवायचं आणि हलक्या हाताने थरावर थर चढवायचे. एका गालाला आधी पिवळट, मग तांबूस, मग जांभळा, मग तपकिरी, पुन्हा तांबूस. वहिनी म्हणायची, "उतावळा नवरा न् गुडघ्याले बाशिंग असा तुमचा स्वभाव, तुम्हाले हे कसं जमून राहिलं ताई?" मलाही माहीत नाही. पण पेन्सिल हातात आली की माझ्यातली सगळी धुसफूस कुठे जाते कोण जाणे.

वांगी काढून झाली, मिरच्या झाल्या, स्टीलचा पेला झाला. एकदा संत्रं काढलं. भाऊने ते हातात धरून पाहिलं आणि म्हणाला, हा अंबियाचा माल दिसते. ते अंबिया बहाराचंच होतं, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या पिकाचं, दिवाळीच्या सुमाराला आणलेलं. त्या दिवशी मी हवेत होते. पण मला काढायचा होता चेहरा. खराखुरा, मोठा, ज्याच्या नाकावरचं छिद्र न् छिद्र दिसेल असा. आणि चेहऱ्यासाठी दिवसच्या दिवस कोणी समोर बसायला तयार होईना. फोटो बघून काढता येतो, पण फोटोत हिरवा दिसत नाही हो.

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. राहायला मनीषनगरात, माझ्याच गल्लीत, माझ्यापासून दोन घरं सोडून. कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे तो संत्र्याचा हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारायचा. पहाटे स्कूटरला लाथ मारायची, सगळं नागपूर ओलांडून बाजारात पोचायचं, संत्र्याच्या ढिगाऱ्यावर उभं राहायचं आणि सुरू. भोवती व्यापाऱ्यांचं कडं, आणि मध्ये भाऊचा आवाज. कोण भुवई उडवतो, कोण बोट हलवतो, सगळं टिपत, चेष्टा करत, टोचत, बोली चढवत न्यायची. मी एकदा बघायला गेले होते. घरात मीठ मागतानाही पुटपुटणारा माझा भाऊ तिथे राजासारखा उभा होता. तोंड हीच त्याची रोजी. त्यावर तो इतकी वर्षं जगला, मुलीला शिकवलं, तिचं लग्न केलं.

जानेवारीतल्या एका सकाळी वहिनीचा फोन आला, लवकर या. गेले तर भाऊ वॉशबेसिनजवळ उभा. चूळ भरायला गेला तर पाणी डाव्या बाजूने आपोआप खाली गळून राहिलं होतं. माझ्याकडे वळला. उजवा अर्धा चेहरा आमचा भाऊ होता. डावा अर्धा कोणीतरी सैल सोडून दिला होता. डोळा उघडा, पापणी मिटेना, ओठाचा कोपरा खाली.

दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला काही झालेलं नाही, घाबरू नका. चेहऱ्याची नस सुजली आहे. बहुतेकांचं बरं होतं, कोणाचं महिन्यात, कोणाचं त्याहून उशिरा, कोणाचं थोडं राहून जातं. गोळ्या दिल्या, डोळ्यात टाकायला थेंब दिले, झोपताना पापणी पट्टीने चिकटवायला सांगितली. आणि रोज आरशासमोर उभं राहून व्यायाम करायचा. भुवया वर, गाल फुगवणं, शिट्टी, दात दाखवणं. आरशात बघूनच करायचा, हे त्यांनी दोनदा सांगितलं. वहिनीचं ठरलं होतं की पहाटेच्या गार वाऱ्याने हे केलं. कुहीहून तिचे मामा पिशवीत कबूतर घेऊन आले, त्याचं रक्त गालाला चोळलं की लकवा उतरतो म्हणाले. भाऊने त्यांच्याकडे एका डोळ्याने असं काही पाहिलं की मामांनी मुकाट्याने कबूतर गच्चीवरून सोडून दिलं.

गोळ्या त्याने घेतल्या. पण आरशासमोर उभा राहीना. वहिनीच्या कपाटाला मोठा आरसा आहे, त्याच्यावर त्याने चादर टाकली. दाढी करायची सोडली. आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळला. आमच्याकडे दुपट्ट्याने तोंड बांधून फिरणाऱ्याला कोणी विचारत नाही, उन्हाळ्यात सगळं शहरच बांधलेलं असतं, थंडीत गाडीवरचे बांधतात. पण हा घरात बांधून बसायचा, जेवताना भिंतीकडे तोंड करायचा.

सेठचा, म्हणजे त्या अडत्याचा, फोन आला होता. माणूस वाईट नाही. म्हणाला, आराम करा गा भाऊ, तोवर माझा भाचा पुकारेल. आता हे 'तोवर' म्हणजे कुठवर, हे सगळ्यांना कळत होतं. फेब्रुवारीच्या शेवटाला मृग बहाराचा माल येतो, ट्रकवर ट्रक लागतात. तो हंगाम भाच्याने काढला की व्यापाऱ्यांच्या कानाला त्याचाच आवाज बसणार. मग पन्नाशी उलटलेल्या, तोंड वाकडं झालेल्या माणसाला परत कोण उभं करतो? वहिनीने मला हळूच सांगितलं, की हे न्हाणीघरात नळ सोडून बोली पुकारून पाहतात. प आणि ब म्हणायला दोन्ही ओठ जुळावे लागतात. याचे जुळत नव्हते, हवा डावीकडून निसटून जायची. थोडा वेळ पुकारायचा, मग नळ बंद व्हायचा आणि हा बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा.

आणि मी? मी काय विचार करत होते सांगू? की हा माणूस रोज दुपारभर रिकामा आहे! हलत नाही, बोलत नाही, उठत नाही. असा मॉडेल मला जन्मात मिळाला नसता. मी कागद, फळी, पेन्सिलींचा डबा घेऊन गेले आणि त्याला सरळ विचारलं. तो भिंतीकडे बघतच म्हणाला, "येडी झाली का वं तू?" मी म्हटलं, हो. वहिनी दारात उभी राहून घाबरून आमच्याकडे बघत होती. शेवटी तो म्हणाला, उजवी बाजूच काढ मग. फक्त उजवी.

उजवी तर उजवी. तो खिडकीकडे तोंड करून बसला, उजवा गाल माझ्याकडे. दुपट्टा सोडला. मी कानापासून सुरुवात केली. काय कान होता तो! पाळीत लाल, खळग्यात निळसर, वरच्या कडेला उन्हाने तापवलेला पिवळा. शाळा सुटली की मी अक्षरशः पळत यायचे, चपला दारात कुठेही पडायच्या. तो कान पूर्ण झाला आणि मी तो बघत बसले, आणि माझ्या लक्षात आलं की मला हे पुढे नाही काढायचं. मला अर्धा माणूस नको होता. समोरून हवा होता, दोन्ही डोळ्यांचा. मनात आलं ते पोटात राहत नाही माझ्या. म्हटलं, भाऊ, समोर तोंड कर, मला पूर्ण चेहरा काढायचा आहे.

तो उठून निघून गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. वहिनी मला रागावली नाही, पण एवढंच म्हणाली, की ताई, दिवसातून तेवढाच वेळ ते दुपट्टा सोडत होते. ते ऐकून मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटली. तिसऱ्या दिवशी मी गेलेच नाही. संध्याकाळी हा स्वतः माझ्या दारात उभा, तोंड बांधलेलं. म्हणाला, काढ समोरून. पण कोणाले दाखवायचं नाही, आणि मी पण पाहणार नाही. मी त्याला आत घेऊन चहा पाजला, त्याने तो बशीतून घेतला, उजव्या बाजूने. मी मुद्दाम दुसरीकडे बघत गणिताच्या वह्या तपासत बसले.

नवा कागद लावला. हलक्या चौकटी आखल्या. आता इथे एक युक्ती असते. रंगीत पेन्सिलीत गडद रंगावर पांढरा चढत नाही. मग पिकलेल्या मिशीतले पांढरे केस दाखवायचे कसे? तर शाई संपलेला बॉलपेन घ्यायचा आणि रंग लावायच्या आधीच एकेक केस कागदात दाबून कोरायचा. कागदावर काहीच दिसत नाही. वरून रंग फिरवला की पेन्सिल त्या चऱ्यांवरून उडी मारून जाते, आणि केस पांढरेशुभ्र वर येतात. पहिल्यांदा ते घडताना पाहिलं तेव्हा मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या. मी भाऊची अख्खी मिशी आणि वाढलेली दाढी कोरून काढली. उजवीकडची ताठ, डावीकडची ओठाबरोबर खाली ओघळलेली. जशी होती तशी. एकदा कोरलं की ते पुसता येत नाही, खोडरबर काय, देव आला तरी कागद सपाट होत नाही.

मग रंग. आणि डावी बाजू काढायला लागले तेव्हा मला एक गंमत दिसली. नस ढिली पडल्यामुळे तिकडच्या सुरकुत्याच गेल्या होत्या! कपाळावर उजवीकडे आडव्या आठ्या, मध्यावर आल्या की संपल्या. डोळ्याच्या कडेचं जाळं उजवीकडेच. डावा गाल कसा गुळगुळीत. मी न राहवून म्हटलं, भाऊ, तुझी डावी बाजू कॉलेजात आहे अन् उजवी पेन्शनीत. तो हसला. अर्धाच हसला, पण जानेवारीपासूनचं पहिलं हसू होतं ते. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला, वहिनी कान देऊन होती.

एक दिवस मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तर हा उठून फळीसमोर उभा. पाहणार नाही म्हणणारा. मी दारातच थबकले. बराच वेळ तो चित्राकडे पाहत राहिला. मला वाटलं, झालं, आता फाडतो. तर तो म्हणाला, "हे चूक आहे. माहं तोंड इतकं खाली नाही गेलं."

आता कोणतीही शहाणी बाई म्हणाली असती, हो रे दादा, चुकलं असेल. पण मी गणिताची बाई, आणि माझं माप काढलेलं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, चूक काहून असेल? मी कंपासपेटीतलं कर्कटक लावून मोजलं आहे, तुला शंका असेल तर आरशात पाहा! म्हटलं आणि जीभ चावली. तो तडक आतल्या खोलीत गेला. चादर ओढल्याचा आवाज आला. वहिनी पोळीचं पीठ लागलेले हात तसेच धरून माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. आतून ना हुंदका ना शिवी.

मग आतून आवाज आला. "इकडे ये वं. मोजपट्टी घेऊन ये."

आम्ही दोघं आरशासमोर उभे राहून मोजत होतो. ओठाच्या बाबतीत मी बरोबर निघाले. त्याने मान्य केलं, पण मनातून नाही. मग त्याने भुवई दाखवली, ही तू जास्त खाली घेतली. मोजलं तर खरंच, मी चुकले होते! इतका आनंद झाला त्याला. हर्रासातला माणूस तो, समोरच्याची चूक पकडली की अंगात येतं त्याच्या. त्या दिवसापासून चादर परत आरशावर पडली नाही. रोज मी यायच्या आधी तो आरशासमोर उभा राहून माझ्याविरुद्ध पुरावे गोळा करायचा. हे बघ, ही भुवई इतकी वर जाते, तू दाखवलीच नाही. हे बघ, गाल फुगवला तर इथं इतकी हवा राहते. मी म्हणायचे, थोडीशी राहते, दाखवण्याएवढी नाही. मग तो चिडून पुन्हा फुगवायचा. डॉक्टरांनी सांगितलेला सगळा व्यायाम माझ्याशी भांडता भांडता होऊन राहिला होता. वहिनी आणि मी एकमेकींकडे बघायचो आणि एक अक्षर बोलायचो नाही. उगाच कशाला दृष्ट लावा.

फेब्रुवारीच्या मध्यावर मी खालच्या ओठाचे शेवटचे थर देत होते. सवयीने कर्कटक उचललं, अंतरावरून माप घेतलं, कागदावर ठेवलं. जुळेना. पुन्हा घेतलं. त्याला म्हटलं, हलू नको. तिसऱ्यांदा घेतलं. ओठाचा डावा कोपरा माझ्या रेषेच्या वर होता. केसभर, पण वर! मी अशी ओरडले की समोरच्या बाल्कनीतून बाई डोकावली, साप निघाला का म्हणून. भाऊ म्हणे, तुझंच चुकलं असेल. म्हटलं, माझं नाही चुकलं, तुझं तोंड सरकून राहिलं आहे! वहिनीला ओढून आणली, तिला काही फरक दिसेना, मी तिच्या हातात कर्कटक दिलं. तिने मोजलं. मग मोजलेलं कर्कटक हातात धरून तशीच उभी राहिली.

पुढचे दिवस मला शाळेत बसवेना. बीजगणित शिकवताना माझं लक्ष भाऊच्या नाकपुडीत. ती हलायला लागली होती. एका दुपारी गेले तर हा खुर्चीतच डुलक्या घेत होता, पट्टी न लावता, आणि दोन्ही पापण्या मिटलेल्या होत्या. दोन्ही! मी पेन्सिली बाजूला ठेवल्या आणि नुसती त्याच्या डाव्या डोळ्याकडे बघत बसले. मिटलेला डोळा किती सुंदर दिसतो हे मला त्याच्याआधी माहीत नव्हतं.

चित्राचं मात्र पार वाटोळं झालं. म्हणजे बघा, रोज जमलेलं चित्र रोज थोडं थोडं खोटं होत होतं. ओघळलेली मिशी तर कागदात कोरूनच बसली होती, ती आता वर कशी उचलणार? आणि डाव्या गालाला मी पांढऱ्या पेन्सिलीने घासून चकाकी दिली होती, तसं एकदा घासलं की कागद गुळगुळीत होतो, वरून रंग बसतच नाही. मी चिडले, हसले, पुन्हा चिडले. शेवटी ठरवलं, ज्या चेहऱ्याने सुरुवात केली त्याच चेहऱ्याने संपवायचं. मृगाचे ट्रक लागायच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी शेवटचा थर दिला. खोटं कशाला बोलू, तसं चित्र मी आजवर काढलं नव्हतं. घामाचा थेंब कळावा असं. भाऊच म्हणाला, ठेव समोर. ते आम्ही त्यांच्या बैठकीत टीव्हीच्या बाजूला भिंतीला टेकवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. भाऊ तर्री-पोहे आणायला चौकात गेला होता, स्कूटरवर, तोंड बांधून. मी आणि वहिनी घरात. आणि न सांगता न सवरता सेठ दारात उभा. का आला हे विचारायची गरज नव्हती. सोमवारपासून माल सुरू होणार होता. वहिनी पाणी आणायला आत गेली, आणि सेठची नजर चित्रावर गेली.

तो उठून जवळ गेला. वाकून पाहिलं. म्हणाला, कोणी काढलं हे? मी म्हटलं, मी. आणि मग माझी छाती अशी फुगली की अक्कल गहाण पडली. म्हटलं, कालच पूर्ण केलं सेठजी, समोर बसवून, एका केसाचा फरक नाही!

सेठच्या तोंडावरचा रंग उतरला. तो हळूच खुर्चीत बसला. म्हणाला, अरेरे. मले वाटलं होतं आतापर्यंत उतरलं असेल. मग जमिनीकडे पाहत म्हणाला, की मी विचारायलेच आलो होतो, पण आता काय विचारू, त्याच्या जीवाले लागेल. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी काय करून ठेवलं. मी सांगायला लागले, नाही सेठजी, हे जुनं तोंड आहे, आता तसं नाही. तो मान हलवत राहिला, दुःखात असलेल्या माणसाच्या घरी हलवतात तशी. बहीण आहे, म्हणणारच, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. आत्ताच तर मीच म्हणाले होते, काल पूर्ण केलं, केसाचा फरक नाही. वहिनी पाण्याचा पेला घेऊन दारात उभी, तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, ते चित्र उचलावं आणि टराटरा फाडावं.

तेवढ्यात भाऊ आला. हातात तर्रीची पिशवी, दुपट्टा घट्ट, फक्त डोळे दिसत होते. सेठला बघून तो दारातच थांबला. सेठ उभा राहिला, पण त्याच्याकडे बघेना. जमिनीकडे बघूनच बोलला.

"तुम्ही आरामच करा गा भाऊ. हा हंगाम भाचा पाहून घेईल."

भाऊने पिशवी माझ्या हातात दिली. गरम होती, माझ्या बोटांना चटका बसला तरी ती मला ठेवायचं सुचलं नाही. त्याने सेठकडे पाहिलं, सेठ कुठे बघायचं टाळतो आहे ते पाहिलं, मग टीव्हीच्या बाजूचं चित्र पाहिलं. काय झालं असेल ते त्याला कळलं असणार, माणसांची तोंडं वाचण्यातच तर त्याची उमर गेली. त्याने मानेमागची गाठ सोडली. दुपट्टा काढला, झटकला आणि खांद्यावर टाकला. मग जाऊन ते चित्र उचललं, छातीशी धरलं, आणि कळमन्याच्या आवाजात, गल्लीला ऐकू जाईल असा, पुकारा सुरू केला.

"बोला भाऊ, बोला! पाहून घ्या, पारखून घ्या! बोला, पहिली बोली कोणाची?"

एकही अक्षर निसटलं नाही. प पक्का, ब पक्का. चित्रातलं तोंड खाली ओघळलेलं आणि त्याच्या वर हे खरं तोंड, पूर्ण उघडलेलं, सरळ. हसताना डावा डोळा थोडा बारीक होतो अजून, तेवढं राहिलंच आहे, पण ते मलाच दिसतं. सेठने मान वर केली. भाऊकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, पुन्हा भाऊकडे. भाऊ थांबायला तयार नाही. एक बार, दो बार करत सेठच्या अगदी पुढ्यात जाऊन उभा राहिला. इतकी वर्षं त्या आवाजावर माल विकलेला माणूस तो, सेठचा हात आपोआप वर जायला लागला होता. अर्ध्यात आल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि तो खो खो हसत सुटला.

वहिनी सगळ्या दिवसांत एकदाही रडली नव्हती. ना दवाखान्यात, ना न्हाणीघराच्या दाराबाहेर. ती पेला हातात घेऊन तशीच खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. भाऊ गोंधळला, चित्र खाली ठेवून तिच्याजवळ गेला, काय झालं वं, काय झालं, म्हणत राहिला.

सेठने डोळे पुसले. म्हणाला, भाच्याले मी सांगतो, तुम्ही उद्या पहाटे हजर राहा. निघताना चपला घालता घालता त्याने पुन्हा एकदा चित्राकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे, जरा संकोचून.

"ताई, वाईट नका वाटून घेऊ. पण हे चित्र काही तुम्हाले जमलं नाही. भाऊसारखं दिसतच नाही ते."

"नाहीच दिसत, सेठजी," मी म्हटलं. "साफ चुकलं माझं." आणि तर्रीची पिशवी हातात धरूनच मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले, वाटेत भेटेल त्याला सांगत, की माझं चित्र चुकलं, पार चुकलं.